गोठ्यातून उडणारा वायू आणि आपला दुधाचा हिशेब

पहाटे पाचच्या सुमारास जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उभे राहिले, तर वडगाव, कामशेत, कार्ला या बाजूने कॅन बांधलेल्या मोटारसायकली आणि छोटे टेम्पो लोणावळ्याकडे येताना दिसतात. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातील गोठ्यांतून निघालेले हे दूध लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईच्या भट्ट्या आणि घरोघरचे रतीब यांना पुरवले जाते. या साखळीत आपल्या समाजातील माणसे जागोजागी आहेत. कोणाचा तबेला आहे, कोणी दूध गोळा करतो, कोणी मावा आटवतो, कोणाचे हॉटेल आहे, कोणी पेंड विकतो, कोणी जनावरांची खरेदी-विक्री करतो, तर कोणी कॅनला झाळ लावतो आणि गोठ्याच्या शेडचे वेल्डिंग करतो. दुधाच्या धंद्याला जे लागू होते ते या सर्वांनाच लागू होते.

गेल्या काही वर्षांत या धंद्याविषयी एक नवीच गोष्ट कानावर येऊ लागली आहे. गाई-म्हशींच्या पोटातून निघणाऱ्या वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे ही गोष्ट काहीजण हसण्यावारी नेतात, तर काहींना वाटते की आता जनावरे पाळण्यावरच बंदी येणार. आम्हाला दोन्ही गोष्टी बरोबर वाटत नाहीत. हा वायू खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे, आणि मुख्य म्हणजे तो आपण पैसे मोजून आणलेल्या वैरणीतून तयार होतो. म्हणजे हवामानाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्या वहीत कोठेच न लिहिलेले हे एक नुकसान आहे. ते कोठे होते, किती होते आणि त्यातले किती वाचवता येईल, एवढेच या लेखात पाहू.

वायू तयार होतो कसा?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातील पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. जनावराने खाल्लेला पेंढा, गवत, कडबा या कोटीपोटात जाऊन आंबतो. ज्यांनी भटारखान्यात नान-पावाचे पीठ खमीर घालून फुगताना पाहिले आहे, त्यांना ही क्रिया समजायला अवघड नाही. पिठात खमीर काम करते, तसे कोटीपोटात अब्जावधी सूक्ष्म जीव काम करतात. माणसाला न पचणारा चारा ते फोडतात आणि त्यापासून जनावराला ताकद मिळते, दूध तयार होते. ही खरोखर मोठी देणगी आहे. जो पेंढा आपल्याला कोणत्याच कामाचा नाही, त्याचे दूध करून देणारे हे यंत्र आहे.

परंतु आंबण्याच्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. कोटीपोटातील काही जीव हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन नावाचा वायू बनवतात. जनावर हा वायू मुख्यतः ढेकरेवाटे, तोंडातून बाहेर टाकते. मागच्या बाजूने जाणारा भाग अगदी थोडा असतो, लोक समजतात तसे नाही. मिथेन हा जळणारा वायू आहे. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच हा. म्हणजेच चाऱ्यातील जळण्याजोगी ताकद दुधात न जाता हवेत जाते. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील एकूण ताकदीपैकी साधारण साडेसहा टक्के भाग अशा रीतीने जातो, असे हवामान बदलावर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीच्या हिशेबात धरलेले आहे.

एका म्हशीचा हिशेब

याच समितीने २००६ साली दिलेल्या सर्वसाधारण आकड्यांप्रमाणे भारतीय उपखंडातील एक दुभती गाय वर्षाला सुमारे ५८ किलो मिथेन सोडते, म्हैस सुमारे ५५ किलो, आणि बैल, वासरे वगैरे इतर गोवंश सरासरी २७ किलो. ५५ किलो मिथेनमध्ये जी उष्णता आहे ती घरगुती गॅसच्या साधारण चार सिलिंडरांएवढी आहे. दावणीला दहा म्हशी असतील, तर वर्षाला चाळीस सिलिंडरांची उष्णता हवेत गेली असे समजा.

आता रुपयांत पाहू. समजा एका म्हशीला रोज २०० रुपयांचा चारा आणि खुराक लागतो. दहा म्हशींचा वर्षाचा खर्च ७ लाख ३० हजार रुपये झाला. त्याचे साडेसहा टक्के म्हणजे साधारण ४७ हजार रुपये. हे सर्व पैसे वाचवता येतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रवंथ करणारे जनावर आहे तोवर मिथेन राहणारच. पण यातील काही भाग दुधाकडे वळवता येतो, आणि व्यापारी माणसाला तेवढे पुरेसे आहे.

हवामानाच्या बाजूने पाहिले तर मिथेन ही जड गोधडी आहे. सूर्याची उष्णता जमिनीवर येते आणि परत आकाशाकडे जाऊ लागते, तेव्हा हवेतील काही वायू ती अडवून धरतात. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक. मात्र तो हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो. म्हणून मिथेन कमी केला तर त्याचा परिणाम लवकर दिसतो, आणि याच कारणाने सगळ्या जगाची नजर त्याच्याकडे वळली आहे.

शंभर वर्षांच्या हिशेबाने एका म्हशीचा ५५ किलो मिथेन म्हणजे १५४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा एका म्हशीचा वर्षाचा मिथेन पावणेसहाशे लिटर डिझेलच्या जवळपास भरतो. लिटरला दहा किलोमीटर चालणारा टेम्पो एवढ्या डिझेलमध्ये लोणावळा ते पुणे आणि परत अशा चाळीसहून अधिक फेऱ्या करील.

दोष कोणाचा, आणि किती?

हे वाचून कोणी म्हणेल की मोटारी आणि कारखाने सोडून गरिबाच्या म्हशीकडे बोट का? हा प्रश्न रास्त आहे. भारत सरकारने २०२० सालचा जो हिशेब संयुक्त राष्ट्रांकडे दिला, त्यात देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ७६ टक्के वायू वीज, इंधन, वाहतूक अशा ऊर्जेच्या वापरातून आणि सुमारे १४ टक्के शेती व जनावरांतून आल्याचे दाखवले आहे. शेतीच्या वाट्यात मात्र सर्वांत मोठा भाग रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे आपल्या देशात गाई-बैल सुमारे १९ कोटी आणि म्हशी सुमारे ११ कोटी आहेत. दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये ते जवळपास २४ कोटी टन होते. एवढ्या मोठ्या धंद्याकडे जगाचे लक्ष जाणारच.

२०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याचा संकल्प केला. भारताने त्यावर सही केली नाही. आपल्याकडे जनावरे लहान शेतकऱ्यांच्या पोटापाण्यासाठी आहेत, हे त्यामागचे एक कारण. डेन्मार्कने मात्र २०३० पासून जनावरांच्या वायूवर कर बसवण्याचे ठरवले आहे. असा कर मावळात येणार म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण आपली एक कमजोर बाजू आहे ती समजून घेतली पाहिजे.

२००६ च्या त्याच आकड्यांत उत्तर अमेरिकेतील दुभती गाय वर्षाला सुमारे १२८ किलो मिथेन सोडते असे दिले आहे. म्हणजे आपल्या गाईच्या दुपटीहून जास्त. पण तिचे वर्षाचे दूध ८४०० किलो धरलेले आहे आणि आपल्या गाईचे फक्त ९००. एका किलो दुधामागे हिशेब केला तर तिकडे १५ ग्रॅम मिथेन पडतो आणि आपल्याकडे ६४ ग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. २०१९ मध्ये हे आकडे सुधारण्यात आले आणि अंतर काहीसे कमी झाले, तरी गोष्ट तीच राहिली. दूध थोडे आणि तोंडे फार, हे आपल्या धंद्याचे दुखणे आहे. तेच शेतकऱ्याला गरीब ठेवते आणि तेच लिटरमागे वायू वाढवते. रोग एक असल्यामुळे औषधही एकच आहे.

मावळची खास अडचण: पेंढा आणि पाऊस

मावळ हा भाताचा मुलूख आहे. घराघरांत पोचलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच १९८७ च्या सुमारास बाहेर पडला. भात आला म्हणजे पेंढा आलाच, आणि पावसाळा संपला की बऱ्याच गोठ्यांत जनावराच्या गव्हाणीत मुख्यतः भाताचा पेंढा असतो. हिरवा चारा दिवाळीनंतर आटतो. देशावरचा कडबा आणावा तर गाडीभाडे परवडत नाही.

भाताचा पेंढा पोट भरतो पण पोसत नाही. त्यात प्रथिने फार थोडी आणि न पचणारा भाग फार. असा चारा कोटीपोटात जास्त वेळ पडून राहतो, त्यातून हायड्रोजन जास्त सुटतो आणि दुधाच्या मानाने मिथेन जास्त बनतो. कोवळा हिरवा चारा, कडधान्याचा भुसा, पेंड आणि धान्याचा खुराक यांवर जनावर त्याच वायूत कितीतरी जास्त दूध देते.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. या पावसात शेणाचा खड्डा पाण्याने भरतो, गोवऱ्या वाळत नाहीत. शेण उघड्यावर कोरडे पडले तर त्यातून मिथेन थोडाच निघतो, कारण हवा लागते. पाण्याखाली बुडलेल्या, हवा न लागणाऱ्या शेणात मात्र कोटीपोटासारखीच क्रिया सुरू होते. त्याशिवाय मूत्र आणि शेण यांतील नत्रापासून नायट्रस ऑक्साइड हा आणखी एक वायू निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त उष्णता अडवतो. आणि जे नत्र हवेत गेले वा पावळीच्या पाण्याबरोबर ओढ्याला गेले, तेच नत्र आपण पुढे युरियाच्या गोणीतून विकत आणतो.

पेंढ्यावर पहिला उपाय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेंढ्याची कुट्टी करून घालणे. जनावर कमी टाकते, चारा वाया जात नाही.

दुसरा उपाय पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया. १०० किलो सुक्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. पेंढ्याचे थर पसरून प्रत्येक थरावर हे पाणी सारखे शिंपडावे, पायाने तुडवून हवा काढावी आणि प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकून २१ दिवस ठेवावे. नंतर लागेल तेवढाच पेंढा काढून, थोडा वेळ वाऱ्यावर पसरून, अमोनियाचा उग्र वास गेल्यावर घालावा. सुरुवात थोड्या पेंढ्याने करावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये. आणि युरिया कधीही तसाच किंवा पाण्यात मिसळून जनावरापुढे ठेवू नये, त्याने जनावर दगावते. पहिल्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच हे काम करावे.

तिसरा उपाय समतोल खुराकाचा. कित्येक ठिकाणी एकच सरकी पेंड वर्षभर चालते, किंवा दुधावर असलेल्या आणि आटलेल्या म्हशीला सारखाच खुराक पडतो. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने देशभर जो समतोल आहाराचा कार्यक्रम राबवला, त्यात जनावराचे वजन, दूध आणि घरात असलेला चारा पाहून खुराक ठरवला जात असे. त्यातून लिटरमागे मिथेन दहा ते पंधरा टक्के कमी होतो आणि खुराकाचा खर्चही कमी होतो असे मंडळाचे म्हणणे आहे. खनिज मिश्रण, भरपूर स्वच्छ पाणी, बांधावर नेपियर किंवा शेवरी, भात निघाल्यावर ओलीवर वाल-हरभरा आणि त्याचा भुसा, पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्याचा मूरघास, या सर्व गोष्टी त्यातच येतात.

औषधी पूरक खाद्यही आता निघाले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने वनस्पतींपासून तयार केलेल्या ‘हरित धारा’ या खाद्यामुळे मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. युरोपात २०२२ साली मंजूर झालेल्या एका पूरक खाद्याने दुभत्या गाईंचा मिथेन सुमारे ३० टक्के कमी होतो. ही प्रगती चांगली आहे. तरीही आमचे मत असे की, ज्या गोठ्यात मुळात पुरेसा खुराकच पडत नाही, तेथे आधी खुराक, मग औषध.

खड्ड्यातील नुकसान, टाकीतील लाभ

तोंडावाटे जाणारा वायू पकडता येत नाही. शेणातून जाणारा पकडता येतो. आपल्या राज्याला ही विद्या नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस तयार करण्यात आला होता. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने लोखंडी तरंगत्या टाकीचा गोबर गॅस गावोगावी नेला, आणि १९८४ च्या सुमारास विटांच्या घुमटाचा, कमी खर्चाचा दीनबंधू नमुना आला.

हिशेब सोपा आहे. चार-पाच जनावरांचे रोजचे ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी घातले की दोन घनमीटरचा संच चालतो. एक घनमीटर गॅस साधारण ४५० ग्रॅम घरगुती गॅसचे काम करतो. म्हणजे दोन घनमीटरला रोज ९०० ग्रॅम. पावसाळ्यात आणि थंडीत गॅस कमी पडतो हे लक्षात घेऊनही महिन्याला एक ते दीड सिलिंडर वाचावा. टाकीतून बाहेर पडणारी मळी हे तयार खत, त्यातील नत्र कायम असते.

जो मिथेन खड्ड्यातून हवेत गेला असता तो शेगडीत जळाला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. एक किलो मिथेन जसाच्या तसा सुटला तर २८ किलोंचा भार, जळाला तर पावणेतीन किलोंचा. हा पावणेतीन किलोही गवतानेच हवेतून घेतलेला असतो, पुढच्या पावसात गवत तो परत घेते. परंतु एक इशारा. टाकीला किंवा पाइपाला गळती असेल तर सारे उलटे होते. गॅसही गेला आणि वायूही सुटला. म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघण्याची सवय ठेवावी.

हॉटेलवाल्या बंधूंसाठीही यात काही आहे. उरलेला भात, रोटी, भाजीची सालपटे हे शेणापेक्षा जास्त गॅस देणारे खाद्य आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने अशा खरकट्यावर चालणारा छोटा संच तयार केला, आणि त्याला २००६ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. लोणावळ्यात शनिवार-रविवारी जे खरकटे गोळा होते ते पाहिले, तर हा विचार करण्यासारखा आहे.

भाकड जनावरांचा प्रश्न

या प्रश्नाला आम्ही बगल देऊ शकत नाही, कारण तो आपल्या अनेक वाचकांच्या धंद्याशी जोडलेला आहे. दूध न देणारे जनावरही खाते, रवंथ करते आणि मिथेन सोडते. त्याचा वायू गोठ्यातील दुभत्या जनावराच्या दुधावरच मोजावा लागतो. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईंच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशी या बंदीत येत नाहीत. कायदा आहे तो पाळलाच पाहिजे. पण गाई पाळणाऱ्याने हे आधीच जाणले पाहिजे की, आज जन्मलेले प्रत्येक वासरू वर्षानुवर्षे पोसण्याची जबाबदारी घेऊन येते.

यावर कायद्याच्या चौकटीत बसणारा मार्ग जन्माच्या आधीचा आहे. लिंग निश्चित केलेल्या रेतनाने सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात. पुणे जिल्ह्यातच उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारी नेले. ते आज मावळातही मिळते. वेळेवर माज ओळखणे, दोन वेतांतील अंतर चौदा-पंधरा महिन्यांच्या पुढे जाऊ न देणे, कासदाह लगेच ओळखणे, या साध्या गोष्टींनी भाकड दिवस कमी होतात. आटलेल्या म्हशीचे सहा महिने चार महिन्यांवर आले, तर दोन महिन्यांचा चारा आणि दोन महिन्यांचा वायू दोन्ही वाचले.

हिशेबाने सांगायचे तर, वर्षाला १४०० लिटर दूध देणाऱ्या म्हशीचा मिथेन लिटरमागे १.१ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा पडतो. तीच म्हैस चांगल्या खुराकावर २२०० लिटरला गेली, आणि जास्त खाल्ल्यामुळे तिचा मिथेन ६० किलो झाला असे धरले, तरी लिटरमागे तो पाऊण किलोवर येतो. म्हणून ज्याला दहा जनावरे नीट पोसता येत नाहीत, त्याने सात ठेवावीत आणि ती पोटभर पोसावीत.

दूध नासले तर सगळेच गेले

वर सांगितलेला वायू दूध निघेपर्यंतचा. त्यानंतर ते आपल्या व्यापाऱ्यांच्या हाती येते. एक कॅन नासला, तर ते दूध तयार होताना निघालेला सर्व वायू फुकट गेला आणि पैसेही गेले. म्हणून दूध लवकर थंड करणे हा पृथ्वीसाठी आणि गल्ल्यासाठी सर्वांत सोपा उपाय आहे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा काय करायचे हे आधी ठरलेले असावे. कॅन रोज उकळत्या पाण्याने धुवावेत. दूध गोळा करणाऱ्या तिघांच्या तीन गाड्या एकाच रस्त्याने अर्ध्या रिकाम्या धावत असतील, तर एकत्र बसून फेऱ्या वाटून घ्याव्यात.

एक किलो मावा करायला साधारण पाच लिटर दूध लागते, म्हणून मिठाईवाल्याच्या हातून वाया गेलेला एक किलो मावा पाच लिटर दुधाचा वायू घेऊन जातो. भट्टीवर झाकण, जाड बुडाची कढई आणि धूर नीट ओढणारे धुराडे असेल, तर लाकूड आणि डिझेल दोन्ही कमी लागते.

एकत्र येण्याने काय होते याचे उदाहरण मावळातच आहे. टाटा पॉवर कंपनीच्या साहाय्याने येथील महिलांनी आपली स्वतःची दूध उत्पादक कंपनी उभी केली. भागधारकही त्याच आणि दूध घालणाऱ्याही त्याच. दूध एका जागी गोळा होऊन थंड झाले, वजन आणि फॅट डोळ्यांसमोर मोजली गेली, तर नासाडी आणि भांडणे दोन्ही कमी होतात. एकट्या तबेलेवाल्याला जे परवडत नाही ते वीसजणांना मिळून परवडते.

कारागिरांना कामे

या सगळ्यात आपल्या कारागिरांना मोठा वाव आहे. गोबर गॅसची लोखंडी टाकी वेल्डर बनवतो. तिला आतून-बाहेरून गंजरोधक रंग नीट लागला नाही तर मावळच्या हवेत ती लवकर सडते, म्हणून चांगल्या हाताला मागणी आहे. दीनबंधूचा घुमट बांधणे हे साध्या गवंड्याचे काम नाही, एक भेग राहिली तर गॅस राहत नाही. जो गवंडी हे शिकेल त्याला तालुकाभर काम मिळेल. शेगडी आणि पाइपाची दुरुस्ती, कुट्टी यंत्राची पाती, दूध थंड करण्याच्या टाकीचा कॉम्प्रेसर, भट्टीची धुराडी, ही सर्व आपल्या माणसांची कामे आहेत. मावळात कित्येक जुने संच केवळ दुरुस्तीअभावी बंद पडलेले दिसतात. नवीन संच बांधण्याइतकेच जुना सुरू करणे हेही काम आहे. सरकारी साहाय्याच्या सध्याच्या अटी वडगावच्या पंचायत समितीत चौकशी करून समजून घ्याव्यात.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. ‘कार्बन क्रेडिट’ म्हणजे वाचवलेल्या वायूचा विकता येणारा दाखला. त्याच्या जोरावर काही कंपन्या शेतकऱ्यांना स्वस्तात गॅस संच देतात. हा व्यवहार खरा आहे. परंतु सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर पाहाव्यात: दाखल्याचा हक्क कोणाकडे जातो, किती वर्षांसाठी जातो, आणि संच बिघडला तर दुरुस्ती कोण करणार. आधी पैसे भरा, मग क्रेडिटचे पैसे येतील, असे कोणी म्हणाले तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

दुधाच्या धंद्यात नफा आधीच पातळ आहे. २०२४ साली गाईच्या दुधाचे भाव इतके पडले की राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. अशा धंद्यात भाव आपल्या हातात नसतो, पण वैरण, शेण आणि नासाडी आपल्या हातात असते. तबेलेवाल्या बंधूंनी या आठवड्यापासून एक वही घालावी. प्रत्येक जनावराचे रोजचे दूध, त्याला घातलेला खुराक आणि आटल्याची तारीख एवढेच लिहावे. तीन महिन्यांनी ती वही उघडली की कोणते जनावर पोसते आहे आणि कोणते नुसते खाऊन वायू सोडते आहे, ते आपोआप दिसेल. पुढचा निर्णय आपला आपल्याला घेता येईल.